व्हॉल्व्हवरची हलकी टोपी

बाबा, तुमचं चुकलं होतं. चौथीत शाळा सुटलेली बाई हे लिहितेय म्हणून हसू नका, तुम्ही तर दुसरीही पुरी केली नव्हती. वाकोल्याच्या गॅरेजात तुम्ही प्रत्येक पार्ट आधी तळहातावर तोलायचात. जड लागला की पास. मोटरसायकल जोरात पळवली की व्हॉल्व्ह वेळेवर मिटायचा नाही, इंजिन फडफडायचं. मग तुम्ही आणखी कडक स्प्रिंग घालायचात, ती व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खायची आणि गिऱ्हाईक परत दारात. मी एकदा म्हटलं, "स्प्रिंग कडक करण्यापेक्षा तिच्यावरचं ओझं कमी करा ना." तुम्ही चारचौघांत म्हणालात, "आधी तुझ्या जिभेचं ओझं कमी करतो." सगळे हसले. मी खाली मान घालून व्हॉल्व्ह घासत बसले.

आता माझी नात घाटकोपरला रेसच्या बाईकची इंजिनं बांधते, वर स्वतःच चालवते. शुक्रवारी तिने स्प्रिंगवरची टोपी माझ्या हातावर ठेवली. टायटॅनियमची. म्हटलं, "काय गं हे? कुरमुऱ्याचा लाडू याहून जड असतो." तर म्हणते, "आजी, हलकी आहे म्हणूनच स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मागे आणते. कडक स्प्रिंग नको, कॅमपण वाचतो." माझंच बोलणं, आणि घाबरले मीच. त्या वेगात टोपी फुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर पडणार, चाक जाम, पोरगी रस्त्यावर. म्हटलं, जुन्या जड टोप्या घाल. "का? तुझे बाबा म्हणायचे म्हणून?" मी चष्मा लावून एकेक पार्ट बघितला. टोप्या ठीक होत्या. पण एक रॉकर, कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारी ती दांडी, तिने हलका करायला मधे, तो डुलतो त्या खिळीजवळ कापला होता. "इथे कशाला कापलास? हा भाग हलतो तरी किती? नुसती ताकद घालवलीस. कापायचं तर व्हॉल्व्हकडच्या टोकाला." तोंड वाकडं केलं, पण बदलला.

रविवारी रेस झाली. इंजिन असं किंचाळतंय, पण फडफड नाही. पोरगी दोन पायांवर चालत आली. संध्याकाळी इंजिनाचं हेड उघडलं तर टोप्या शाबूत, कॅमवर ओरखडा नाही. तेव्हा कुठे मला भूक लागली, दोन दिवसांनी पोटभर जेवले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे कपाटात. फक्त एक सांगायचं राहिलं. रॉकर कुठे कापायचा नाही हे कुणी शिकवलं, असं तिने विचारलं. भंगारातले तुटके रॉकर बघून माझी मीच शिकले होते. पण तिला सांगितलं, माझ्या बाबांनी.