उलटी जोडलेली शीर

३ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आधी हे वाच: दादा शुद्धीवर आहे आणि हात अजून शाबूत आहे.

दुकानात खिडकीची काच कापताना तुकडा त्याच्या दंडात घुसला. शहाण्याने कारागिरीच्या तोऱ्यात तो न मोडता सबंध उपसून काढला. तिथेच चुकलं, रक्ताची धार लागली. मालकांनी पंचा दाबून धरला तो इस्पितळात येईपर्यंत सोडला नाही. तोवर हात पांढराफटक, गार, मनगटाला नाडी नाही.

मुख्य रक्तवाहिनी तुटून तिची टोकं आत ओढली गेली होती. डॉक्टरीणबाईंनी दादाच्या पायातली शीर काढून मधे जोडली, तीही उलटी करून. शिरेत रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात म्हणे, सुलटी जोडली तर रक्त अडतं. टाके केसाहून बारीक दोऱ्याचे. मग त्यांनी माझं बोट त्याच्या मनगटावर ठेवलं. नाडी चालू होती. मला हुंदका आवरेना.

पण दोन दिवस धोक्याचे आहेत. आत गुठळी झाली तर हात काढावा लागेल. मज्जातंतूही दुखावलाय, बोटांना स्पर्श कळत नाही.

लोभ आहेच, सोबत थोडा धीरही पाठव.
तुझी बारकी

७ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

धोका टळल्याचं शेजारणीने फोनवर ऐकून सांगितलं, तेव्हा कुठे घास गिळला. तुझं पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं, हेही तीच लिहून देतेय. अगं, मी त्याला नऊ महिने पोटात वाढवला, पण त्याच्या अंगात झडपा आहेत हे मला ठाऊक नव्हतं. त्या बाईंच्या हातांना माझा नमस्कार सांग. आणि त्याला म्हणावं, पाय हाताच्या मदतीला धावलाय, आता हातपाय गाळू नकोस.

दोघं एकमेकांना जपा.
तुझी आई

२९ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर गोड मानून घे. बारकी दिवसभर माझ्यावर डाफरते, म्हणजे सगळं ठीक आहे.

उजवा हात ऊबदार आहे, पण बोटांना टाचणी टोचली तरी कळायचं नाही. हात वाचला खरा, पण मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटायचा. हे बारकीला बोललो नाही. आज सकाळी माझं लक्ष नसताना तो गरम पाण्याच्या भांड्याला टेकला आणि बोटांना चटका कळला. बारकी घाबरून फुंकर घालायला धावली. मी तिला थांबवलं. आई, ते दुखणं मला थोडा वेळ तसंच हवं होतं.

लोभ असू दे.
तुझा थोरला