विमानतळाच्या खुर्च्या आणि आपलं दुकान

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. सध्या दिवसभर माझं डोकं कुठल्या ना कुठल्या खुर्चीखाली असतं.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींना सांगा, कमरेसाठी दिलेलं तेल फार गुणाचं आहे. शिलाई मशीनला चांगलंच मानवलं.

दुकान विकून मोकळी हो, असं तुम्ही मागे लिहिलंत तेव्हा मी दोन दिवस तुमच्यावर धुमसत होते, पण तुमचं चुकत नव्हतं. बाबांच्या मागे सोफा-कुशनची कामं आटत चालली होती, आणि माझ्याबरोबर शिवायला बसणाऱ्या दोघींना पुढच्या महिन्यात या म्हणायचा धीर होत नव्हता. अशात शेजारच्या रंगाऱ्याने बातमी आणली की विमानतळाच्या मोठ्या कामांतला काही वाटा आता आमच्यासारख्यांना द्यायचा नियम झालाय. आमच्यासारखे म्हणजे छोटे धंदेवाले, आणि त्यातही ज्यांच्याशी लोक पिढ्यान्‌पिढ्या दारातच उभं करून बोलत आले ते. त्यासाठी मोठ्या कंत्राटदारांना भेटायचा मेळावा होता. म्हटलं, जाऊन तर बघू, दुकान काय, विकायला आहेच.

तर मोठे कंत्राटदार टेबलामागे बसलेले, आणि आम्ही छोटे लोक स्थळं बघत हिंडावं तसे टेबलाटेबलाशी. पहिलेच गृहस्थ अंगाने भरभक्कम. मी पुढे झाले तर ते चक्क उठून उभे राहिले, नमस्कार करायला. मामा, एवढा मोठा माणूस माझ्यासाठी उठून उभा राहिला असं जन्मात घडलं नव्हतं. मी इतकी गोंधळले की काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की हात आपले सवयीचं काम करतात. आपल्या धंद्याची रीत तुम्हीच शिकवलेली: गिऱ्हाईक उठलं की आधी खुर्ची उलटी करायची, मग बोलायचं. मी टेबलाला वळसा घातला, त्यांची खुर्ची उचलली, उलटी केली आणि खालचे पट्टे चाचपायला लागले. पट्टे उत्तम होते. (खुर्ची कोरी करकरीत होती, माझ्या तपासणीचा कोणालाच उपयोग नव्हता.) तेवढ्यात ते गृहस्थ मोठ्या अदबीने, मागे न बघता, बसले.

खाली गालिचा होता म्हणून आवाज कमी झाला, एवढंच. मी लगेच माफी मागितली, पण खुर्ची दोन्ही हातांत उचललेलीच होती, त्यामुळे ते उठायचं सोडून आणखी मागे सरकले. मग मी खुर्ची ठेवली आणि थेट बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले. दुकान गेलं, असंच मनात आलं.

तिथे मागोमाग आल्या त्या मेळाव्यात छोट्या धंद्यांच्या मदतीसाठी विमानतळाने उघडलेल्या खिडकीवरच्या बाई. त्यांनी ना समजूत घातली, ना त्या हसल्या. म्हणाल्या, "तोंड धुतलंत ना? मग चला, अजून बरीच टेबलं राहिलीत." आणि स्वतः पुढे चालू लागल्या. प्रत्येक टेबलाशी माझी ओळख करून द्यायच्या आधी त्या सांगायच्या की कृपया बसूनच बोला.

शेवटी एका कंत्राटदार बाईंनी नमुना म्हणून खुर्च्यांची एक रांग करून मागितली. पुढचं सगळं या खिडकीवरच्या बाईंनी निभावलं. पेट न घेणारं कापड कुठे मिळतं ते शोधून दिलं, मोठं काम तोडून आमच्या आवाक्यातला तुकडा वेगळा काढायला लावला, अनामत रक्कम कमी व्हावी म्हणून वरच्यांशी भांडल्या. मी उपकार म्हणायला गेले तर म्हणाल्या, "उपकार कसले, तुमचाच वाटा आहे." असेल. पण वाटा असून काय होतं मामा, पानात वाढणारं कोणीतरी लागतं. मी त्यांचे उपकारच मानते आणि मानत राहीन.

नमुना पसंत पडला. एका अख्ख्या दालनाच्या खुर्च्या आपल्याकडे आल्यात, दोघी कायम झाल्या आणि दुकान विकायचं नाही. परवा आपल्या खुर्चीवर एक प्रवासी तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. मी समोर उभी राहून त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होते की त्याची बायको मधे येऊन उभी राहिली.

तुमची लाडकी (निदान तसं समजणारी)
भाची

ता. क. काम मिळालं असं वर लिहिलंय. ते वेळेत होईल असं लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कुशनच्या कोपऱ्यांना चुण्या पडतायत. तुमच्यासारखा कोपरा मला वळत नाही, दोघींना तर नाहीच. तेव्हा या. गुडघ्यांची सबब चालणार नाही, काम खुर्च्यांचंच आहे, बसायला भरपूर मिळेल. विमानतळात शिरायचा तुमचा पास मी न विचारताच काढायला टाकलाय.

आणखी एक. हे आईने सांगितलं, तुम्ही कधीच बोलला नाहीत. तरुणपणी तुम्ही याच विमानतळावर काम मागायला गेला होतात आणि वस्तीचं नाव ऐकून फाटकावरूनच तुम्हाला परत पाठवलं होतं. मी फाटकाशी उभी असेन. पहारेकरी विचारेल, कुठून आलात. नाव मोठ्याने सांगा मामा, मला ऐकू यायला हवं.