मेजरचा कांद्याचा कोर्स

२ मे १९७६, रविवार. सकाळी ८.

रोजनिशी पुन्हा सुरू. जानेवारीत दोन दिवस लिहून बंद पडली, पण तेव्हा लिहिण्यासारखा विषय नव्हता. आता आहे.

मेहुणा बिरप्पा काल त्याचं कुत्रं आमच्याकडे सोडून गेला. पुढच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय, पाय सुजलाय. बिरप्पा मेंढरं घेऊन श्रीपूरकडे निघालाय, ऊस तुटलेल्या रानात बसवायला. मिरगाआधी परत येईल आणि कुत्र्याला घेऊन माळाकडे जाईल. जाताना म्हणाला, "दाजी, ह्ये कुत्रं न्हाय, माझी राखण हाय. गेल्या साली लांडग्याच्या तोंडातनं सात मेंढरं सोडवल्यात त्येनं. निसती भाकरी आन ताक घाला. दुसरं काय बी नगं."

मी मान डोलावली. बिचाऱ्याला डाएट हा शब्दसुद्धा माहीत नाही.

ठरवलं: कुत्रं परत देताना बिरप्पानं ओळखू नये इतकं सुधारून द्यायचं. सध्या देशात शिस्तीचं वातावरण आहे, आपल्या घरातही हवं. कुत्र्याचं नाव ठेवलं मेजर. बिरप्पा त्याला नुसतं 'यू यू' करतो.

३ मे, सोमवार. रात्री जेवणाआधी.

पेपरात टेंपरेचर ४२. सोलापुरात आमच्या भवानी पेठेतल्या खोलीचा पत्रा धरून ४५ तरी असेल. मेजर जीभ बाहेर काढून धापा टाकत होता. निदान: उष्णता. उपाय: कांदा.

शाळेत जाताना आई माझ्या टोपीखाली कांदा ठेवायची. मला आयुष्यात ऊन लागलं नाही. (एकदा लागलं. पण त्या दिवशी कांदा मी वाटेत खाल्ला होता.) आजही मिलमध्ये जाताना खिशात कांदा असतो. टाइम ऑफिसातले लोक हसतात. हसू देत. उन्हानं चक्कर येऊन पडतात तेही तेच.

एक मोठा कांदा बुक्कीनं फोडून भाकरीत कुस्करला. मेजरनं वास घेऊन तोंड फिरवलं. शेवटी हातावर धरून भरवला. शिस्त लागायला वेळ लागतो.

ही म्हणाली, "बिरानं भाकरी-ताक सांगितलंय न्हवं?" म्हटलं, बिरप्पा चौथी नापास आहे, मी मॅट्रिक आहे. दुसऱ्या खेपेला का होईना, आहे.

५ मे, बुधवार.

कोर्स चालू. आजपासून तळपायांना कांद्याचा रस, आणि गळ्यात सुतळीनं एक कांदा बांधला. हिचं म्हणणं, कुत्रं नवस फेडायला निघाल्यासारखं दिसतंय. दुर्लक्ष केलं.

८ मे, शनिवार.

मेजरच्या पायाची सूज उतरली! सहा दिवसांत! हळद-तेलाचा शेक ही रोज देत होती, पण तो बाहेरून. आतून काम कुणी केलं ते उघड आहे. डोस वाढवून दोन कांदे.

आमचे टाइमकीपर गुरुबसप्पा यांना सगळी थिअरी सांगितली. त्यांनी एकदाही मधे न बोलता ऐकलं. (मस्टरवर सह्या करत होते, पण कान इकडेच असावेत.) यावर एक छोटं पुस्तक लिहावं असं मनात येतंय. 'कुत्र्यांची उन्हाळी निगा'. वर माझं नाव, खाली कंसात मॅट्रिक.

पुस्तक उद्यापासून.

१० मे, सोमवार.

पुस्तक सुरू केलं नाही. शाईच्या दौतीत मुंग्या.

१२ मे, बुधवार.

मेजरच्या स्वभावात फरक. आला तेव्हा सायकल दिसली की भुंकायचा, दूधवाल्याच्या धोतरावर जायचा. आता दिवसभर मोरीजवळ पडून असतो. हाक मारली की डोळे उघडून बघतो आणि मिटतो. शिस्त अंगी बाणली. अकरा दिवसांत रानटी जनावर सभ्य केलं.

भाकरी मात्र नीट खात नाही. कांदा हातानं द्यावा लागतो, पण देतो तेव्हा घेतो. तीन केले.

१५ मे, शनिवार. सकाळी.

मेजरची लघवी लाल. लाल म्हणजे काळपट, कोऱ्या चहासारखी. ही घाबरली. मी नाही. उन्हाळी लागली आहे. सोलापुरात मे महिन्यात कुणाला लागत नाही? मला दर वर्षी लागते. धने-जिऱ्याचं पाणी आणि चार कांदे.

ही म्हणते जनावरांच्या दवाखान्यात न्या. मी सांगितलं, तो दवाखाना म्हशींसाठी असतो. उन्हाळी लागलेलं कुत्रं घेऊन गेलो तर लोक काय म्हणतील? "लोकास्नी कशाला इचारताय? कुत्र्याकडं बगा की," असं काहीतरी म्हणाली. माहेरचं कुत्रं म्हणून हळवी झाली आहे.

१७ मे, सोमवार.

मोठी बातमी. मेजरचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पार पांढऱ्या. आला तेव्हा लालबुंद होत्या. उष्णता पूर्ण उतरली, याहून मोठा पुरावा कोणता?

शेजारच्या चन्नम्मा पाण्याला निघाल्या होत्या, त्यांना मुद्दाम बोलावून दाखवल्या. त्या अक्कलकोटकडच्या, फार बोलतात. घागर खाली ठेवून बघत राहिल्या. "अय्यो, ह्याच्यात रगतच नाही की हो! माझी शेळी मेली तवा असंच झालं होतं की." सायन्स समजावून सांगितलं. अर्ध्यातच घागर उचलून गेल्या.

१८ मे, मंगळवार. संध्याकाळी ७.

आज घरात बंड झालं.

मिलमधून आलो तर दाराला कुलूप. सकाळी चार कांदे देऊन गेलो होतो तेव्हा सगळं ठीक होतं. चन्नम्मांनी सांगितलं, हिनं मेजरला भाजीवाल्याच्या हातगाडीवर घातलं, वर ओला पंचा टाकला आणि स्वतः गाडी ढकलत जनावरांच्या दवाखान्यात नेलं. भर बाजारातून! मला विचारलं नाही.

सहाला परत आली. डॉक्टरनं पहिला प्रश्न काय विचारला, तर खायला काय घालता. हिनं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणे खुर्चीवरून उठला. कांदा कुत्र्याला विष आहे म्हणे. पोटात गेला की अंगातलं रक्तच फुटायला लागतं, चार-सहा दिवसांनी लघवी लाल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रं गळून जातं. कच्चा, शिजवलेला, भाजलेला, कसाही. असलं काही खाल्लं तर तासा-दोन तासांत दवाखान्यात आणायचं, म्हणजे उलटी करवता येते. घरचे उपाय करत बसायचं नाही. काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा, हे नीट सांगायचं. इंजेक्शन दिलं आणि कांदा आजपासून बंद, अशी ताकीद.

डॉक्टर वयानं किती, हे मी विचारलं. पंचविशीचा असेल म्हणाली. वाटलंच.

कांदा विष असता तर सोलापूर जिल्हा केव्हाच ओस पडला असता. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुमी कुत्रं हाय व्हय?" मी पेपर उघडला.

२० मे, गुरुवार.

कांदा बंद करून दोन दिवस. मेजर आज उठून बसला. वाटीभर ताक प्याला. ही आणि चन्नम्मा दोघी माझ्याकडे बघत होत्या.

विचार केला. औषधाचा परिणाम कधीकधी औषध थांबवल्यावर दिसतो. सोळा दिवसांचा कोर्स अंगात साठलेला होता, तो आता लागू पडतोय. अशा वेळी शेवटचा एक डोस पडला तर मेजर उड्या मारेल आणि त्या पंचविशीच्या पोराला मी स्वतः नेऊन दाखवीन.

२१ मे, शुक्रवार. सकाळी साडेसहा.

ही नळावर गेली होती. एकच कांदा. मधला. मेजरनं मान खाली घालून सावकाश चावला. माझ्याकडे बघत होता.

हिला सांगितलं नाही. रिझल्ट आल्यावर सांगू.

२२ मे, शनिवार. दुपार.

मेजर पडला. उभा राहायला गेला आणि मागचे पाय गेले. श्वास भराभर चाललाय. ही

संध्याकाळी.

दुपारी अर्धंच लिहिलं. टांगा करून गेलो. मेजरचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माळावरचं एवढं मोठं कुत्रं, उचललं तेव्हा हलकं लागलं.

डॉक्टरनं विचारलं, परत कांदा दिला का? मी हिच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, थोडासा. "थोडासा म्हणजे किती? पहिल्यापासून एकूण किती? मला नेमकं हवंय." मग मी पिशवीतून ही वही काढली. का घेऊन गेलो होतो कळत नाही, बहुतेक पुस्तकासाठी. तारीखवार वाचून दाखवली. पाच दिवस एक, चार दिवस दोन, तीन दिवस तीन, चार दिवस चार, आणि कालचा. डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं: कांदे एकोणचाळीस.

'सभ्य केलं' तेही मी वाचलं होतं. चुकून.

डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. म्हणाला, यावर उतारा नाही. सलाइन, लिव्हरचं इंजेक्शन, आणि वाट बघायची. रक्त त्याचं त्यालाच तयार करावं लागेल. झालं तर झालं.

२४ मे, सोमवार.

रजा टाकली. कारण लिहिलं, घरी आजारपण. गुरुबसप्पांनी विचारलं, कोण आजारी? कुत्रं, म्हटलं. कोर्स चालू होता ना, म्हणाले. म्हणजे त्या दिवशी ऐकत होते.

ही माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते. ताटात कांदा नसतो.

२७ मे, गुरुवार.

लघवीचा रंग थोडा उतरला. दवाखान्यात रोज नेतो. आज डॉक्टरला विचारलं, लसणाचं काय? त्यानं रक्त वाढतं असं ऐकलंय. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग हिला बाजूला बोलावून काहीतरी सांगितलं. घरी आल्यावर हिनं कांदे, लसूण, शेंगाचटणीची बरणी, सगळं चन्नम्मांकडे नेऊन ठेवलं.

३१ मे, सोमवार.

हिरड्या किंचित गुलाबी. ही म्हणाली. मी पाहिलं, पण माझ्या पाहण्यावर आता माझाच भरवसा नाही. चन्नम्मांना बोलावलं. त्या म्हणाल्या, "हो की, आलंय बघा रगत." मी कडी काढून बाहेर गेलो आणि कोपऱ्यापर्यंत उगाच चालून आलो.

४ जून, शुक्रवार.

बिरप्पाचा निरोप आला, उद्या येतोय.

डॉक्टर म्हणतो, मेजर जगेल. पण दोन महिने तरी मेंढरांमागे पळवायचा नाही. आता बिरप्पाला काय सांगायचं, हा प्रश्न. भाषण तयार केलं: यंदा उन्हाळा भयंकर होता, भल्याभल्यांना लागला, आम्ही दवाखाना केला, कशाची कमी पडू दिली नाही. यात एकही शब्द खोटा नाही. तीनदा म्हणून पाहिलं. हिला म्हटलं, मधे बोलू नकोस. ही म्हणाली, "म्या कशाला बोलू? तुमचा कोरस हाय, तुमीच सांगा."

५ जून, शनिवार.

बिरप्पा सकाळी सातला आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मेजर उठला, पाय थरथरत होते, तरी उठला आणि त्याच्या पायात जाऊन पडला. बिरप्पानं बरगड्यांवरनं हात फिरवला.

मी भाषण सुरू केलं. यंदा उन्हाळा भयंकर होता, इथपर्यंत आलो. बिरप्पा म्हणाला, "दाजी, ह्यो काय पयला उन्हाळा हाय व्हय त्येचा?"

पुढचं आठवलं नाही. म्हटलं, बिरप्पा, मी त्याला कांदा घातला. रोज. डॉक्टरनं नको म्हटल्यावरही एक घातला. त्यानं हे असं झालं.

वाटलं, काठी उचलेल. त्यानं नुसती मान हलवली. "कांदा न्हाय खायचा त्यो. तुमचं कायतरी चुकतंय. आवं, त्यो कांद्याला तोंड लावत न्हाय. माझ्या हातनंबी कदी खाल्ला न्हाय."

मी म्हटलं, माझ्या हातनं खाल्ला. एकोणचाळीस.

बिरप्पा कुत्र्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. टोमणा मारण्याचा त्याचा स्वभाव नाही, म्हणून लिहितो, त्यानं टोमणा मारला नाही. म्हणाला, "मंग तुमच्यावर लई जीव बसलाय की वो त्येचा."

चहा घेतला आणि उठला. कुत्रं राहू द्या म्हणाला, चांगलं होईस्तोवर. मी विचारलं, तिकडे माळावर लांडगे, राखण कोण करणार? "म्या जागतो की," म्हणाला आणि निघाला.

मेजर त्याच्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तिथं दम लागला म्हणून उभा राहिला. बिरप्पा वळून काठीनं 'जा, माघारी जा' करत होता. मग मेजर परत आला, माझ्याजवळ बसला, आणि काही देतोय का म्हणून माझ्या रिकाम्या हाताचा वास घ्यायला लागला. मला रडू आलं. ही दारात उभी होती, तरी आवरलं नाही.