त्रिकुटाच्या पिंजऱ्यावरचं नाव

ता. ४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं शेवटचं पत्र येऊन सात महिने झाले, आणि त्यातही खुराड्याला जाळी कोणत्या मापाची लावलीस एवढीच चौकशी होती. भावाच्या तब्येतीचं माप विचारावंसं वाटलं नाही. असो.

कामाचं लिहितो. इथलं पशुपक्षी प्रदर्शन एकवीस तारखेला आहे. यंदा त्रिकुटाचा वेगळा वर्ग ठेवलाय: एक कोंबडा, दोन कोंबड्या, तिन्ही एकाच वाणाचे, एका पिंजऱ्यात. माझ्या दोघी अशा काही भरल्यात की पांढरा रंग त्यांच्यावरूनच शिकावा. कोंबडा तेवढा तुझ्याकडे आहे. तो पाठव. अर्ज मी कालच भरून दिला. नाव माझं घातलंय, थोरला मी.

परवा परसात बसलो होतो. एकाएकी आपली जुनी पायरी आठवली. मी शाळेतली कविता चालीवर म्हणायचो आणि आईच्या पांढऱ्या कोंबड्या दाणे सोडून माझ्याभोवती गोळा व्हायच्या. आई म्हणायची, तुझ्या कवितेला माणसं येवोत न येवोत, कोंबड्या तरी येतात. तेव्हा तू फ्रॉकच्या ओच्यात अंडी घेऊन पळायचीस आणि हमखास एक फोडायचीस. अजून धांदरटच असशील.

लोभ कमी झालाय हे दिसतंच आहे, निदान कोंबडा पोचवावा.
तुझा,
दादा

ता. ८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. रीत म्हणून.

कोंबडा म्हणजे वाचनालयातलं पुस्तक नव्हे, की चिठ्ठी पाठवली आणि मिळालं.

तू लिहितोस ‘माझ्या दोघी’. त्या गेल्या वर्षी तलंगा असताना मीच तुला दिल्या. वयात आलेल्या, लसी टोचलेल्या, आयत्या. त्यांची आई माझ्या खुराड्यात, आजीही माझ्याच खुराड्यात. आई अंथरुणाला खिळली त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून हा वाण मी सांभाळलाय. ज्या पिल्लाच्या पंखात एक काळं पीस दिसेल ते बाजूला काढायचं, ही तिची पद्धत. शेवटी तिला दिसत नव्हतं, तर मी पिल्लू तिच्या हातात द्यायची आणि ती बोटांनी तुरा चाचपून ठेव किंवा काढ म्हणायची. तू तेव्हा वर्षातून दोनदा बिस्किटांचा पुडा घेऊन यायचास, उशाशी बसून कविता म्हणायचास आणि डोळे पुसत परत जायचास. तिची चादर बदलायच्या आत.

मी त्या प्रदर्शनाची नियमावली मागवून वाचली. तिन्ही पक्षी अर्जदाराच्या स्वतःच्या पैदाशीचे हवेत. म्हणजे अर्जदार मी. पिंजऱ्यावरच्या कार्डावर माझं नाव येणार असेल तरच कोंबडा येईल. आयुष्यात एकदा तरी चार माणसांनी ते वाचावं. नाहीतर तुझ्या दोघींना तूच आरवून दाखव.

धाकटी

ता. ११ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद आहेतच, तुला नको असले तरी.

तुझं पत्र वाचताना माझा चेहरा बघून शेजारणीने विचारलं की काही वाईट बातमी आहे का. मी म्हणालो, बहीण खुशाल आहे.

आईला मी कविता ऐकवल्या याची तुला इतकी वर्षं पोटदुखी आहे हे ठाऊक नव्हतं. तीच मागायची. चादरी बदलणारे पुष्कळ असतात, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं गेलं आणि आता खोडत नाही.

मान्य. नाव तुझं. कचेरीत जाऊन आलो. कारकून म्हणाला, कार्डं अर्जावरून छापून झालीत, पण अर्जातलं नाव आपण दुरुस्त करू, नवं कार्ड मीच लिहून लावतो. मी त्याला म्हटलं, बाबा, चाळीस वर्षं शाळेतल्या प्रत्येक बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर माझं अक्षर आहे, माझ्या बहिणीचं कार्ड तुझ्या बोरूने नको. कोरी कार्डं घेऊन आलोय. नीट लिहून आणलं की अर्जातलं नावही बदलतो म्हणाला.

दूधवाल्याच्या टेम्पोतून कोंबडा पाठव. टोपलीला झाकण असू दे. तुझा स्वभाव लागला असेल तर तो चोचीने मारत असणार.

दादा

ता. २२ जानेवारी

दादा,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

काल मी प्रदर्शनाला आले होते. तुला कळवलं नाही, कारण आपलं नाव वाचून गुपचूप परत जायचा विचार होता. नवी चप्पल घातली होती, तीही त्यासाठी. पिंजऱ्याला पहिल्या नंबरची फीत होती आणि फितीखाली कार्ड होतं. छापील. त्यावर तुझं नाव.

तू पलीकडे आठदहा माणसं जमवून भाषण करत होतास. या जातीची पिसं आईने मला वारशात दिली, असं म्हणालास. मला! मी खताच्या पोत्यांमागे उभी राहून सगळं ऐकलं. वर कवितेच्या दोन ओळी म्हटल्यास आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून मी टेबलाशी गेले आणि तक्रार दिली. हो, मीच. परीक्षकांनी विचारलं की हे पक्षी कोणाच्या पैदाशीचे. तू मानेनेच माझ्याकडे दाखवलंस. फीत काढली आणि न्हाव्याच्या तांबड्या कोंबड्यांना लावली. त्याच्या एकीला धड शेपूट नाही. मला वाईट वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये थोडं वाटलं, पण ते आईसाठी.

कोंबडा आठ दिवसांत परत हवा.

धाकटी

ता. २५ जानेवारी

चि. धाकटीस,

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी भर मैदानात मला खोटारडा ठरवलंस. न्हावी आता दाढी करताना फितीची गोष्ट सांगतो आणि मी गळ्याशी वस्तरा असल्याने गप्प बसतो.

कार्डाचं म्हणशील तर नाही बदललं. माझी मर्जी. अर्जात जे होतं तेच त्यांनी छापलं, आणि मला ते शोभून दिसलं. मैदानात बोलताना जरा वाहवलो असेन. लोक ऐकत होते. निवृत्त झाल्यापासून माझं कोणी उभं राहून ऐकलेलं नाही. तुला त्याचं काय!

कोंबडा पाठवणार नाही. तो पहाटे आरवतो तेव्हा क्षणभर आपलं जुनं अंगण उजाडतं. हवा असेल तर स्वतः येऊन ने, आणि मी घरात नसताना ये.

तुझा होतो तो,
दादा

ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

सांगितल्याप्रमाणे तू वाचनालयात असताना आले. शेजारणीने फाटक उघडलं. पाण्याचं भांडं शेवाळलं होतं, ते घासलं. कोंबड्या बऱ्या आहेत, लठ्ठ झाल्यात. तू त्यांना खायला घालतोस की श्रोते म्हणून धरून ठेवतोस?

कोंबड्यासाठी टोपली शोधताना टेबलाचा खण उघडला. त्यात ती कार्डं होती. एकवीस. सगळ्यांवर माझं नाव, म्हणजे नावाची सुरुवात. कुठे पहिलं अक्षर, कुठे दीड, मग रेघ घसरून पार काठापर्यंत गेलेली. एकावर पूर्ण नाव होतं, आणि तू ते फाडून पुन्हा चिकटवलं होतंस.

शेजारीण म्हणाली, मास्तरांचा हात गेल्या थंडीपासून थरथरतो. चहा अर्धाच कप घेतात, तोही कोणी समोर नसताना. तुझी पत्रं टाइप होऊन येतात ती मला मिजास वाटली होती.

कारकुनाकडे एक शब्द टाकला असतास तर त्याने लिहिलं असतं. मला सांगितलं असतंस तर मी माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं असतं. पण तू कोणाला सांगणार नाहीस. त्यापेक्षा चोर ठरशील, फीत घालवशील, बहिणीला वैरीण करशील. असला अहंकार मी कोंबड्यातसुद्धा पाहिला नाही.

माफ केलं असं मनात आणू नकोस. चादरीचं वाक्य मी विसरलेले नाही, आणि मैदानातला तो वारसाही नाही. कोंबडा घेऊन आले आहे. टोपली तुझीच आहे, परत मिळणार नाही.

पुढच्या वर्षी अर्ज माझ्या नावाने मीच भरणार. त्या दोघी तेव्हा माझ्याकडे आणून सोड. टेबलावर एक कोरं कार्ड ठेवलंय, ते तू लिहायचंस. कारकून नाही, मी नाही, टाइपही नाही. वर्षभर वेळ आहे. वाकडं आलं तर वाकडं लावू. परीक्षक पिसं बघतात.

राग आहे तेवढाच आहे, कमी होऊ देऊ नये ही विनंती.

धाकटी