दोन ओंडक्यांमधली फट

६ सप्टेंबर, शनिवार

एकदाच्या पोहोचलो! पाठ मोडली — माझी, सासूबाईंची नाही. पंचाहत्तरी उलटलेली बाई, पण बसमधून उतरल्या, पिशवी पाठीला लावली आणि चालायला लागल्या त्या थेट तळ्याशीच थांबल्या. मी मागून धापा टाकत. "आउली, पिशवीत इस्त्री भरून आणलीस की काय?" म्हणे.

बर्चची पानं पिवळी झालीत. खाली ब्लूबेरीची झुडपं लाल. तळ्याच्या पाण्यात हे सगळं उलटं. किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. सासूबाईंनी तोवर ताडपत्रीचा एकपाखी आडोसा बांधून टाकला, तोंड पाण्याकडे. गाठी इतक्या सफाईदार की सोडवाव्याशा वाटू नयेत.

या वेळी सांगायचंच. घरी, केमियार्वीच्या त्या स्वयंपाकघरात, तोंडातून शब्द फुटत नाही. रानात फुटेल, असं ओस्मोला छातीठोक सांगून आले आहे. ओस्मोचं म्हणणं सरळ आहे — लग्न करू, तू तुर्कूला ये. तो तिथे लाकडी होड्या दुरुस्त करतो. त्याची शेड, त्याची गिऱ्हाइकं, सगळं समुद्राकाठी. तो इकडे येऊन काय करणार? आमच्या बर्फात होड्या हाकणार? परत आल्यावर उत्तर देते म्हणाले आहे.

पण सासूबाई! माझा नवरा यौको त्यांचा एकुलता एक. तो गेला तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघीच. मी देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले तर मागे कोण? हा प्रश्न पिशवीत घालून आणलाय. म्हणूनच ती जड.

७ सप्टेंबर, रविवार

आज अंथरूण शिकले. हसू येतं लिहिताना — पन्नाशीच्या बाईनं अंथरूण घालायला शिकायचं!

वादळात आडवा झालेला स्प्रूस सापडला, त्याच्या फांद्या घेतल्या. उभ्या झाडाची डहाळी तोडली असती तर सासूबाईंनी माझा हात तोडला असता. डोक्याकडून सुरुवात करायची. देठ पायाकडे. पुढच्या ओळीच्या शेंड्यांनी मागच्या ओळीचे देठ झाकत जायचं, माशाच्या खवल्यांसारखं. मी घातलेल्या अंथरुणावर त्या आडव्या झाल्या, डोळे मिटले, म्हणाल्या, "एक देठ बरगडीत टोचतोय. शोध." शोधला. "आता दुसरा."

दुपारी कॉफी. काळ्या पडलेल्या किटलीत उकळायची, मग बाजूला ठेवून गाळ खाली बसेपर्यंत वाट बघायची. पेल्यात चीजचे तुकडे टाकायचे. ते गरम होऊन दाताखाली करकरतात. पाणी स्तब्ध. पलीकडच्या काठावर एक रेनडिअर येऊन पाणी पिऊन गेलं. जणू आम्ही नव्हतोच. खरंच नव्हतो की काय, असं मला क्षणभर वाटलं. छान वाटलं.

म्हटलं, हीच वेळ.

"आई—"

"काय गं?"

"मीठ कुठे ठेवलंय?"

हात टेकले स्वतःपुढे!

८ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर धुकं. कोणी काही बोललं नाही. फार सुंदर दिवस.

९ सप्टेंबर, मंगळवार

दोन ओंडक्यांची आग! तास न् तास जळते, कोणी न हलवता. यौको नेहमी करायचा. मी नुसती शेकत बसायचे आणि कौतुक करायचे. आज सासूबाईंनी करवत माझ्या हातात दिली.

आडवा पडलेला वाळका पाइन कापला. माणसाच्या उंचीचे दोन ओंडके. एकेक बाजू कुऱ्हाडीनं तासायची, पण गुळगुळीत नाही, खरबरीत, म्हणजे ज्वाळेला धरायला काहीतरी मिळतं. एक ओंडका खाली, तासलेली बाजू वर. त्यावर लांबभर बर्चची साल, राळेच्या लाकडाच्या ढलप्या, सुरीनं काढलेले कुरळे छिलके. दुसरा ओंडका वर, उलटा, मध्ये बोटभर फट. दोन्ही टोकांना खुंट्या, वरचा घसरू नये म्हणून.

मी हुशारी केली. फट बुजवून टाकली, जवळ असले की लवकर पेटतील म्हणून. धूर, नुसता धूर! डोळ्यांना धारा.

"गुदमरली ना? अगं, तिला श्वास नको? उचल वरचा. इतका नाही! आता लांब गेला, ऊब एकमेकांना पोचायची नाही. हां. एवढाच."

आणि मग ती फटीतून हळूहळू पसरत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज नाही, भडका नाही. नुसती ऊब तोंडावर येत राहिली.

"यौकोला शाळेत असतानाच जमलं होतं," म्हणाल्या.

"त्याला शिकवणारी चांगली होती."

"तुलाही तीच आहे. नाक पूस, काजळी लागलीय."

मग बराच वेळ गप्प. आमच्याकडे हे असंच. ज्याच्याशी निवांत गप्प बसता येतं तो आपला. यौकोनं मला मागणी घातली तीसुद्धा निम्मी न बोलताच. पण काही गोष्टी न बोलता पोचत नाहीत, हे मला कळतं. तरी मूग गिळून बसते.

आगीकडे बघता बघता त्या एकदम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे सगळं तुला एकटीला जमायला हवं."

पुढच्या वर्षी एकटीला — म्हणजे काय? छातीत दुखतंय का? डॉक्टर काही बोलले का? विचारलं तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय!" आणि काटकीनं निखारे सारखे करत बसल्या. अशा बाईला मी सांगू, की मी चालले?

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळपासून पाऊस. आडोसा मोडला आणि टेकडीमागच्या उघड्या झोपडीत गेलो. कुलूप नसलेली, कुणाचीही. आत चूल, एक रुंद फळी झोपायला, कोपऱ्यात आधीच्यांनी फोडून ठेवलेली लाकडं आणि वर काड्यापेटी. चूल पेटवली, मोजे वाळत घातले. सासूबाई फळीवर पाय पसरून बसल्या आणि मी त्यांना त्यांच्या बर्चच्या गाठीतून कोरलेल्या पेल्यात कॉफी दिली. चार घोटांत त्यांचे गाल लाल झाले. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी दार उघडलं. चार कॉलेजच्या पोरी, दक्षिणेकडच्या, नखशिखांत भिजलेल्या. एकीचे दात इतके वाजत होते की तिला नमस्कारही करता येईना. फळीवर जेमतेम चौघी मावतील एवढीच जागा.

मी तोंड उघडण्याआधी सासूबाईंनी मोजे काढायला सुरुवात केली होती. दोरीवरचे.

त्या पोरींतली थोरली म्हणाली, "नाही नाही, आजी! तुम्ही राहा. आम्ही दाटीवाटीनं बसू."

"बसून झोप लागत नाही. तुम्ही शेवटी आलात, जागा तुमची. आमची विश्रांती झाली."

"अहो, पण बाहेर पाऊस आहे!"

"ठाऊक आहे. जुनी ओळख आहे आमची."

रानातल्या झोपडीचा हा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. शेवटी येणारा सगळ्यात थकलेला, म्हणून त्याचा हक्क पहिला. जो आधी येऊन शेकला त्यानं उठायचं. नियम चांगला आहे. पण आज मला त्याचा राग आला! त्या पोरींचाही आला, बिचाऱ्यांचा. या वयाच्या बाईनं उठायचं?

बाहेर मोठ्या स्प्रूसखाली ताडपत्री ताणली. मी दोऱ्या बांधत होते. वळून बघितलं तर सासूबाई अंधुक उजेडात वाकून एका जुन्या खुंटातून राळेचं लाकूड उकरत होत्या. सुकी साल कोटाच्या आत, छातीशी धरलेली, भिजू नये म्हणून. पाठ एवढीशी दिसत होती. आणि स्वतःशी गुणगुणत होत्या!

माझ्याच्यानं होणार नाही. हिला सोडून मी समुद्राकाठी जाऊन राहणार? झोपडीतून उठल्या तशा घरातूनही उठतील, एक शब्द न बोलता. "जा गं, तुझी वेळ आहे," म्हणतील. म्हणूनच विचारायचं नाही. ठरलं.

आग मी लावली. पहिल्या काडीत पेटली.

११ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस थांबला. झाडांतून वाफ निघत होती. ब्लूबेरी वेचून आणते म्हणून सांगितलं आणि टेकडीच्या माथ्यावर गेले. फोन तिथेच लागतो.

"ओस्मो, मला नाही जमणार."

मागे रंधा चालला होता. थांबला.

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं तर त्या हो म्हणतील. म्हणूनच नाही विचारलं."

"म्हणजे त्यांच्या वतीनं तूच उत्तर दिलंस. आणि माझ्याही."

रंधा पुन्हा सुरू झाला नाही. आमची ती चांगली, निवांत शांतता नव्हती ही.

"बरं," म्हणाला. "मी पुन्हा विचारणार नाही, आउली. रागावून नाही म्हणत. पण मला पुन्हा विचारता येणार नाही."

माथ्यावरून सगळं दिसत होतं — तळी, दलदली, पिवळा रंग वाहत गेल्यासारखा पार क्षितिजापर्यंत. मी तिथे बसून रडले. भरपूर. मग आठवलं, ब्लूबेरी! रिकाम्या हातानं कशी जाऊ? मूठ-मूठ ओरबाडून डबा भरला, पाल्यासकट.

सासूबाईंनी पर्चमासे लोण्यात तळून ठेवले होते, राईच्या पिठात घोळवून. डब्यात बघून म्हणाल्या, "ही ब्लूबेरी आहे की कोशिंबीर?" डोळ्यांकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. मी चार मासे खाल्ले. दुःखात मला भूक लागते, लाज वाटते सांगायला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पोरी सकाळी गेल्या. आम्ही झोपडी झाडली, पुढे येणाऱ्यांसाठी लाकडं फोडली. सासूबाई छिलके काढत होत्या, मी रचत होते. सांगायचं काही उरलं नाही, आणि मन कसं हलकं व्हायला हवं! झालं नाही. तरंगत मात्र होतं. दुपारी शेवाळावर आडवी झाले तर वरचे ढग आणि खालची मी, कोण सरकतंय तेच कळेना. तुर्कूचा समुद्र मी एकदाच पाहिलाय. डोळे मिटले की पाइनच्या वाऱ्याचा आवाज अगदी तसाच येतो.

सासूबाई दोनदा म्हणाल्या, "आउली, ऐक—" आणि दोन्ही वेळा, "काही नाही. सुरीला धार लाव."

१३ सप्टेंबर, शनिवार

बसथांब्यावर लिहितेय. टेकडीवरून थेट इथेच आले.

सकाळी कॉफी ओतता ओतता सासूबाई म्हणाल्या, "मी ऑक्टोबरात इनारीला राहायला जातेय. अर्वीकडे. कायमची." अर्वी! नाताळात आमच्याकडे खारवलेला मासा घेऊन येणारा, तो विधुर कोळी! "गेल्याच नाताळात ठरलंय. पण तुला एकटी कशी टाकू, म्हणून त्याला थांबवून ठेवला. म्हटलं, आधी पोरीला रानात उभी राहू दे. तुझं कुणी असतं तर मी केव्हाच गेले असते गं!"

मग मी सांगितलं. सगळं. टेकडीवरचा फोनसुद्धा.

त्यांनी पेला खाली ठेवला. मग उठल्या, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि टेकडीकडे बोट केलं.

"तो पुन्हा विचारणार नाही ना? मग तू विचार. अर्वीला मीच विचारलं होतं."