रेखा गाडी लावतेय

ती. वसुधाताईस,

अर्विंगहून धाकट्या त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? नागपुरातला कूलर अजून चालू आहे की माळ्यावर गेला? मी मजेत आहे. (हे आधीच लिहून टाकतो, मागाहून राहायला नको.) व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुझी सून मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून हे कागदावर.

दर उन्हाळ्याप्रमाणे यंदाही ऑपेरा ऐकायला न्यू मेक्सिकोला जाऊन आलो. (ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त इथे विष प्यायलेला माणूस वीस मिनिटं गातो.) यंदा गाडीत एकटाच होतो. रेखा सुनेच्या बाळंतपणासाठी ईशानकडे बॉथेलला 'दोन महिने' म्हणून गेली, त्याला आता वर्ष होत आलं. व्हिडिओ कॉल रोज होतो. पण फोन बाळाकडे वळवलेला असतो, त्यामुळे बायकोचा आवाज आणि नातवाची टाळू, एवढीच भेट घडते.

तर झालं असं. तिथे डोंगरात उघड्यावरचं थिएटर आहे आणि खेळाच्या दिवशी दुपारी गायक मंडळी बागेत प्रेक्षकांना भेटतात. नायिकेचं काम करणारी मार्गारेट (सहा फूट उंच, हसली की झाडावरचे पक्षी उडतात) माझ्यापाशी आली आणि तिने विचारलं, कोणाबरोबर आलात? साधा प्रश्न. पण दोन दिवसांत हॉटेलवाल्याने, वेटरने, तिकीट तपासणाऱ्याने 'जस्ट वन?' असं इतक्यांदा विचारलं होतं, की माझ्या तोंडून निघून गेलं, बायको गाडी पार्क करतेय.

बाई इतकी सज्जन, की रेखासाठी लिंबू सरबताचा ग्लास भरून घेऊन माझ्याशेजारी बसली. आम्ही दोघं रेखाची वाट बघू लागलो. तिला काय आवडतं, असं बाईने विचारल्यावर मी भरभरून बोललो. दुसऱ्या अंकात रेखाला झोप लागते, टाळ्यांना बरोबर जाग येते, आणि परतताना ती नायिकेच्या सासरच्यांबद्दल दोनशे मैल बोलते. एव्हाना सरबतातला बर्फ विरघळला. मग मी 'बघून येतो' म्हणून उठलो आणि पार्किंगमध्ये जाऊन आपल्याच गाडीत बसलो. पळूनच जाणार होतो, पण चष्मा बाकावर राहिला होता आणि त्याशिवाय मला ड्राइव्ह करता येत नाही. परत गेलो, तर बाई ग्लास धरून तशीच बसलेली. शेवटी सांगून टाकलं, की बायको इथून दीड हजार मैलांवर आहे.

ती हसली नाही. म्हणाली, "मी स्टेजवर तीन अंक एका माणसाची वाट बघते आणि मरते. पण मला तसं लिहूनच दिलंय. तुम्ही तिला 'ये' म्हणालात का?"

मी म्हटलं, नाही, तिला कळतच असेल. त्यावर तिने तो ग्लास माझ्या हातात दिला. सरबत कोमट होतं, तरी प्यायलो.

संध्याकाळी तिसऱ्या अंकात मला रडू आलं. शेजारच्या आजीबाईंनी टिश्यू दिला आणि कानात म्हणाल्या, काय सुंदर संगीत आहे ना. मी हो म्हटलं.

बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. रेखा तुझं ऐकते. फोन करून सहज म्हण, की त्र्यंबक फार वाळलाय, आता घरी जा. मी सांगितलंय असं कळू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. तिला फोन करू नकोस. पाकीट बंद करण्याआधी मीच केला आणि 'ये' म्हटलं. ती म्हणाली, "तुम्हीच का येत नाही इकडे?" मागून ईशानचा आवाज आला, "बाबा, वी थॉट यू वेअर बिझी विथ ऑपेरा." वर्षभरात त्यांनी मला बोलावलं नाही आणि मी येऊ का, असं विचारलं नाही. शनिवारी निघतोय. तेव्हा फोन आता मलाच कर आणि दात येणाऱ्या बाळाला कसं धरायचं ते नीट सांग. मी चाळीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना भूल दिली, त्यामुळे माझ्या हाताखालचा माणूस फार वेळ जागा असा कधी राहिलेलाच नाही.