एक तुकडा उरलाच

प्रिय ठमे,

परवा फोन ठेवताना तू रडत होतीस, हे मला कळलं नाही असं समजू नकोस. बाबा तुला म्हणाले की आज गाडी परत खोलली, आणि तू लगेच फोन माझ्याकडे द्यायला लावलास. मग कुजबुजत विचारलंस, आई, बाबा विसरायला लागलेत का गं? जोडलेली गाडी पुन्हा पुन्हा कशाला खोलतात? मी तोंड उघडायच्या आत तू डॉक्टरांची वेळ घेऊन, आमचं घर बंद करून, आम्हा दोघांना मनानं तुझ्याकडे नेऊनसुद्धा ठेवलंस! ही घाई तुला माझ्याकडून नक्कीच मिळालेली नाही. बाबा शेजारीच कान टवकारून बसले होते, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. आत्ता ते केस कापायला गेलेत. त्यांचा तो न्हावी कात्रीपेक्षा तोंड जास्त चालवतो, तेव्हा मला लिहायला भरपूर वेळ आहे. तूही शांतपणे वाच.

तुझं ते ठोकळ्यांच्या गाडीचं खोकं आलं ना, तेव्हा घरात काय चाललं होतं ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. गॅरेज दुसऱ्याच्या हाती दिल्यापासून बाबा दिवसभर खिडकीत बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आजार ओळखायचे. याचा क्लच गेला, त्याचा सायलेन्सर फुटला. एकदा तर वरून ओरडून एका स्कूटरवाल्याला थांबवलं त्यांनी. तो बिचारा घाबरून पळालाच! पण हळूहळू तेही बंद झालं. जेवायला बोलावलं तर जेवायचे, नाही बोलावलं तर तसेच बसायचे. मला फार भीती वाटायची, ठमे. आणि मग ते खोकं आलं. वरचं चित्र पाहून बाबांचा चेहरा असा काही उजळला, की मी हातातलं शिवण खाली ठेवून बघतच राहिले. तुम्हा बापलेकीची ती लाडकी सिनेमातली लाल गाडी, तुटक्या पुलावरून उडी मारणारी! त्या उडीच्या वेळी सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि बाबा मोठ्यांदा सांगत होते की आता हिचा पुढचा अ‍ॅक्सल जागेवर नसणार. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळून काय रागानं बघत होत्या! तू तर लाजेनं खुर्चीखाली घुसायची बाकी होतीस.

गाडी जोडायला मला पुस्तक लागतं होय, असं म्हणून त्यांनी सूचनांची पुस्तिका आधी बाजूला सारली. माझ्या शिवणाच्या खोलीतलं कापड बेतायचं टेबल बळकावलं आणि सगळे तुकडे माझ्या बटणांच्या डब्यांत रंगांप्रमाणे लावले. माझी बटणं कुठे गेली म्हणशील, तर तुझ्या जुन्या दप्तरात. आधी इंजिन जोडलं. मग त्या इंजिनाला बसायला जागाच राहिली नाही, तेव्हा मी पाणी प्यायला गेल्याची संधी साधून त्यांनी गुपचूप पुस्तिका उघडली. मी दारातून पाहिलं आणि आणखी एक पेला पाणी प्यायला मागे वळले. शेवटी गाडी झाली. दारं उघडत होती, स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळत होती, आणि सुट्या भागांच्या ताटात तीन-चार बारीक तुकडे उरले होते.

तुझ्या बाबांच्या गॅरेजचा नियम तुला काय सांगायचा! काम संपल्यावर ताटात एक नट जरी उरला तरी गाडी दाराबाहेर जायची नाही. एका नटापायी त्यांनी कुणाचं तरी अख्खं इंजिन पुन्हा उतरवलं होतं, आणि तो नट निघाला शेजारच्या स्कूटरचा. तेच इथे. कुठेतरी राहिलाय, म्हणाले, आणि अख्खी गाडी मोकळी केली. पुन्हा जोडली, तर पुन्हा तेच तुकडे उरले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नव्या शर्टाच्या आत एक जादा बटण टाचलेलं असतं ना, हरवलं तर असावं म्हणून? तसेच हे तुकडे. कंपनीनंच जास्तीचे दिलेले. मी सांगणारच होते, शब्द ओठांवर आले होते, पण बाबा बाह्या सरसावून म्हणाले, चल, पुन्हा खोलतो, तू ते पांढरे तुकडे वेगळे करून दे. आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले? अगं, लग्नापासून आमच्या दुपारी वेगवेगळ्या गेल्या. ते गॅरेजमध्ये आणि मी मशीनवर. आता ते टेबलाशी असतात, मी त्यांच्याकडे पाठ करून शिवत असते आणि आमची बडबड चालू असते. त्यांच्या पहिल्या उस्तादानं त्यांना कसं पळवून पळवून दमवलं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. माझ्या मशीनचा आवाज ऐकून त्यांनी पट्टा सैल झाल्याचं ओळखलं आणि उठून घट्ट करून दिला. मला हे हवं होतं, ठमे. म्हणून गाडी झाली की मी साळसूदपणे विचारायचे, काही उरलं का हो?

आणि गेल्या आठवड्यात गंमत झाली. बायका कपडे घालून बघतात तो उभा आरसा माझ्या मशीनसमोर आहे, तुला माहीतच आहे. मी एका कोटाचं अस्तर लावत होते. सहज मान वर केली, तर आरशात बाबा दिसले. गाडी पूर्ण झालेली. ताट रिकामं. जादा तुकडे त्यांनी आधीच शर्टाच्या खिशात टाकले होते, तो खिसा मीच शिवलाय, फुगलेला लगेच ओळखू येतो. त्यांनी माझ्या पाठीकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग गाडी उलटी केली, खालचा एक तुकडा नखानं हळूच काढला, ताटात टाकला आणि अगदी वैतागून म्हणाले, अगं, एक उरलाच बघ! ठमे, मी मान वर केली नाही. केली असती तर रडले असते. इतकं भरून आलं होतं, की त्या कोटाची टीप चक्क वाकडी गेली.

म्हणून हे पत्र. डॉक्टरांची ती वेळ रद्द कर. विसरणाऱ्या माणसाला इतकी सफाईदार लबाडी जमत नाही. तुला यायचं तर खुशाल ये, आम्हाला न्यायला मात्र येऊ नकोस, आम्ही इथे फार कामात आहोत. दुसरं खोकंही पाठवू नकोस. आणि एक कर. रविवारी फोनवर बाबा म्हणतील की पुन्हा एक तुकडा उरला. तेव्हा ते जादाचे असतात हे तू त्यांना सांगायचं नाहीस, त्यांना ते माहीत आहे. आणि मला माहीत आहे हेही सांगायचं नाहीस. तू फक्त काळजीच्या सुरात म्हण, मग बाबा, आता सगळी पुन्हा खोलावी लागणार.

तुझीच, आणि हे त्यांना कळू देऊ नकोस, पण त्यांची तर फारच,
आई